बायोडाट्यावरचा बाण

माझा बायोडाटा नकाशेवाल्या काकांनी लिहून दिला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते सगळंच गोड नाही. आज मी घरापासून लांब, कच्छात, एका खोदकामाच्या तंबूत बसून माझं पोट भरते ते त्यांच्यामुळं. आणि त्याआधी एक कायमची नोकरी हातातोंडाशी येऊन निसटली, तीही त्यांच्यामुळंच. एकाच माणसानं उपकारही करावा आणि नुकसानही, मग त्याच्याशी वागायचं कसं, हे आठवीपर्यंतच्या शाळेत मला कुणी शिकवलं नाही. आठवीच्या पुढं मी गेले नाही.

आमच्या तेर गावात त्यांना नावानं कुणी हाक मारायचं नाही. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातला माणूस, पण पूजाअर्चा भावावर सोडून खोदकामांवर नकाशे काढत हिंडलेला. आमच्या गावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, खोदकाम निघालं तेव्हा ते आले. खोदकाम उठलं, तंबू गेले, सर लोक गेले, हे गेले नाहीत. पिठाच्या गिरणीमागं दोन खोल्या घेऊन राहिले. कागदांवर पीठ बसतं म्हणून गिरणीवाल्याशी रोज भांडायचे आणि जागा मात्र सोडायचे नाहीत.

लग्न का केलं नाही, असं माझ्या आईनं एकदा विचारलं.

"गेलो होतो की मुलगी बघायला. त्यांच्या माजघराच्या भिंती काटकोनात नव्हत्या. चहा न घेता उठून आलो."

"बरं झालं," आई म्हणाली. "पोरगी वाचली म्हणायची."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होकायंत्र असायचं. दुसऱ्या खिशात खापऱ्या, म्हणजे जुन्या मडक्यांचे तुकडे, घासायला ठेवलेला दातांचा जुना ब्रश. कुणाच्याही घरी गेले की आधी होकायंत्र काढायचे, मग बसायचे. आमच्या घरी जेवायला आले तेव्हा आईनं देव्हाऱ्याकडं बोट दाखवून सांगितलं, पूर्व त्या अंगाला हाय, तिकडं तोंड करून बसा. त्यांनी काटा स्थिर होऊ दिला आणि म्हणाले, "बाई, तुमचा देव जरा कलंडलाय. पूर्व इकडं आहे."

"माझा देव कलंडू द्या न्हाईतर आडवा पडू द्या," आई म्हणाली. "भाकर निवायली. तुमी जेवा."

ते जेवले, पण ताट फिरवून घेऊन.

आणि बाण. कुठलाही कागद हातात आला की त्याच्या कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण काढल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. विजेचं बिल, किराण्याची चिठ्ठी, वर्तमानपत्र, काहीही. बेंबळीच्या माझ्या मावशीनं मुलाच्या लग्नाची पत्रिका दिली. मागं कार्यालयाचा रस्ता दाखवणारा नकाशा छापला होता. यांनी तो लाल शाईनं दुरुस्त केला, बाण काढला, आणि पत्रिका मावशीला परत पाठवली. लग्नाला गेले नाहीत. मावशी अजून विचारते, त्या येड्याला आमची पत्रिका नापास करायचा हक कुणी दिला?

तो बाण साधा नव्हता. लांब बारीक दांडी, टोकाचा अर्धा भाग काळा भरलेला, अर्धा कोरा, आणि शेपटीला एक छोटी आडवी रेघ, जरा डावीकडं झुकलेली. मी विचारलं होतं, या रेघेचं काय काम?

"काम काही नाही," ते म्हणाले. "ती माझी आहे."

मी त्यांच्या हाताखाली गेले ती मातीच्या पाट्या उचलता उचलता. सासरहून परत आले होते. का आले ते इथं नको. आईच्या जिवावर किती दिवस बसणार, हा प्रश्न आई सोडून सगळं गाव विचारायचं. पांढरीवर बायकांना काम मिळतंय म्हणून गेले. पुढं पाट्यांवरून खापऱ्या धुवायला बसवलं, धुता धुता मडक्यांच्या काठाचे तुकडे वेगळे ठेवायला लागले, आणि एक दिवस नकाशेवाले काका येऊन माझ्यासमोर आलेखाचा कागद टाकून गेले. शिकवणं म्हणजे त्यांचं ओरडणंच. "हे मडकं आहे का घमेलं? मडक्याला पोट असतं बाई, पोट! तू काय जेवत न्हाईस का?" मी रडायचे. ते म्हणायचे, "रड, पण कागदावर नको. शाई पसरते." दोन हंगामांनी माझ्या हातची मडकी मडक्यांसारखी दिसायला लागली. मग खड्ड्याचा नकाशा शिकवला, मग खड्ड्याच्या भिंतीत दिसणारे मातीचे थर. चांगलं झालंय, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ओरडणं थांबलं की समजायचं.

खोदकामवाल्यांशी त्यांचं बिनसलं ते पुस्तकावरून. खोदकामाचा अहवाल छापून आला, जाडजूड, गुळगुळीत कागदाचा. गावातल्या शाळेच्या सभागृहात त्याचा समारंभ झाला. खोदकामाचे मोठे सर स्टेजवर होते. आम्हा बायकांना मागं सतरंजीवर बसवलं होतं. काका पुढच्या रांगेत बसून पुस्तक चाळत होते. पहिल्यांदा भराभर, मग हळूहळू, मग पुन्हा पहिल्यापासून. सगळे नकाशे त्यांचे होते, प्रत्येकावर तोच बाण, तीच झुकलेली रेघ. नाव कुठंच नव्हतं. आभाराच्या पानावर पाण्याचा टँकर देणाऱ्याचं होतं, यांचं नव्हतं.

ते उभे राहिले. पुस्तक उघडं धरून म्हणाले, "सर, हा बाण कुणी काढला?"

मोठे सर हसून म्हणाले, "हे सगळं सांघिक काम आहे."

"असंल की. संघात मी कुठं उभा होतो तेवढं दाखवा."

"आपण नंतर बोलू."

"नंतर न्हाय. हा बाण कुणी काढला?"

तेवढंच ते विचारत राहिले. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, आवाज न चढवता. शेवटी कुणीतरी माईक बंद केला आणि नारळ-शाली उरकल्या. त्या दिवसानंतर त्यांना कुठल्याही खोदकामावर कुणी बोलावलं नाही. या धंद्यात माणसं थोडी, सगळी एकमेकांना ओळखणारी. एकानं तोंड वाकडं केलं की सगळीकडं वाकडं होतं. मी एकदा म्हणाले, काका, तुम्ही स्वतःचा बायोडाटा का नाही पाठवत कुठं? तर म्हणाले, "माझा छापलेला आहे की. पानोपानी. नुसतं नाव न्हाय त्यात."

मग माझ्या नोकरीचं निघालं. एका मोठ्या शहरातल्या संस्थेला त्यांच्या कोठीत खापऱ्या प्रकारवार लावायला आणि त्यांची चित्रं काढायला मदतनीस हवी होती. जागा कायमची. शिक्षणाची अट सैल, अनुभव हवा, आणि सोबत बायोडाटा. मी धाराशिवला बसस्टँडसमोरच्या दुकानात गेले. तिथल्या पोरानं दहा मिनिटांत करून दिला. वर 'उद्दिष्ट' म्हणून काहीतरी छान छान लिहिलं होतं, खाली 'छंद: वाचन, प्रवास, संगीत'. काकांना दाखवला.

"तू प्रवास कुठं केलास?"

"तुळजापूरला जाते की नवरात्रात."

त्यांनी कागदाचे चार तुकडे केले आणि गिरणीच्या पिठात टाकले. गिरणीवाला बोंबलला. मग मला समोर बसवून म्हणाले, "बायोडाटा म्हंजे खड्डा. खड्ड्यात वर काय असतं?"

"नवं."

"आणि खाली?"

"जुनं."

"मग तूबी तसाच लिहायचा. परवा काय केलंस ते सगळ्यात वर. तिथनं एक एक थर खाली जायचं."

ते विचारायचे, मी सांगायचे, ते लिहायचे. मी म्हणाले, काका, नुसत्या खापऱ्या धुतल्या, ते काय लिहायचं? त्यावर ते खरंच चिडले. "नुसत्या? घासून घासून रंग घालवणारे बघितलेत मी. लिहायचं, खापऱ्या धुतल्या, रंग न घालवता." तसंच लिहिलं. पाट्या उचलल्या, तेही लिहिलं. मी म्हणाले, पाट्या नको, लाज वाटते. ते म्हणाले, "थर मधनं काढून टाकला तर वरचा कशावर उभा राहील?"

आठवीवर मी अडले. दुकानातल्या पोरानं शिक्षण सगळ्यात वर घातलं होतं, मोठ्या अक्षरात, आणि त्याच्यापुढं आठवी पास.

"ते खाली," काका म्हणाले. "सगळ्यात खाली. खणता खणता कोरी माती लागते बघ, जिच्यात माणसाचं काहीच सापडत न्हाय. ती लागली की थांबतो का न्हाय आपण? आठवी तुझी कोरी माती. तिच्याखाली कुणी खणत न्हाय. घाबरू नको."

ते असं बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. मी मान खाली घालून बसले. ते लगेच ओरडले, "शाई! शाई बघ!"

राहिले रेफरन्स. तुमचं काम बघितलेल्या दोन माणसांची नावं द्यायची होती. खोदकामावर तेव्हा शिकायला आलेली एक ताई आता कुठंतरी शिकवत होती, ती फोनवर लगेच हो म्हणाली. दुसरं नाव म्हणून मोठ्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "तेरच्या बायका ना? हो, होत्या बऱ्याच. चांगल्या होत्या," आणि दुसरा फोन येतोय म्हणून ठेवला.

"काका, तुमचं घालू?"

"खुळी का काय? माझं नाव म्हंजे वाळवी. कागदाला लागलं की कागद जातो. एकच नाव दे. कुठंबी माझं नाव घ्यायचं न्हाय. विचारलं तरी न्हाय."

मी हो म्हणाले. बायोडाटा त्यांनी टाईप करून आणला. सोबत हाताचं काम दिसावं म्हणून मी काढलेला एका खड्ड्याचा नकाशा जोडायचं ठरलं. पारदर्शक कागदावर, शाईनं. प्रत्येक दगड, विटांची रांग, मधली चूल, सगळं मी काढलं होतं. पंधरवडाभर डोळे लाल झाले होते. त्यांनी तो उजेडाला धरून बघितला आणि ओरडले नाहीत. बाण तेवढा माझा थरथरलेला होता.

"बाण लंगडा झालाय," म्हणाले. ब्लेडनं तो खरवडून काढला आणि तिथं आपला काढला. काळं-कोरं टोक, लांब दांडी, शेपटीला झुकलेली रेघ. माझ्या डोळ्यांसमोर काढला. मी बघत होते आणि हा बाण कुणी ओळखेल हे मला सुचलं नाही. त्यांना सुचलं होतं का, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही.

मुलाखतीला टेबलामागं तिघं होते. मधे मोठे सर बसलेले. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला ओळखलं नाही. शेजारच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी 'रंग न घालवता' हे मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, हे आवडलं मला. मी खापऱ्या कशा लावते ते विचारलं. मी सांगितलं. त्या मान हलवत होत्या. माझ्या मनात आईला फोन करायची वाक्यंसुद्धा तयार व्हायला लागली होती.

मोठ्या सरांनी पान उलटलं आणि नकाशा हातात घेतला. जवळ नेला नाही, लांबूनच बघितला.

"हा तुम्ही काढला?"

"हो सर."

"खरं सांगा."

"मीच काढला सर."

"हा बाण कुणाचा आहे, हे मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

नाव घ्यायचं नाही असं ठरलेलं होतं. पण खोटं बोलले असते तर नकाशाही खोटा ठरला असता. मी म्हणाले, "बाण नकाशेवाल्या काकांनी काढला. नकाशा माझा आहे."

"बाण त्यांचा आणि नकाशा तुमचा," सर म्हणाले, आणि हसले. तिसरेही हसले. बाई हसल्या नाहीत.

"पेन द्या सर. इथंच काढून दाखवते. काहीही सांगा."

"बाहेर बरेच लोक थांबलेत." त्यांनी नकाशा टेबलावरून माझ्याकडं सरकवला.

एवढ्या जाड पुस्तकात ज्या माणसाला तो बाण कुणाचा ते सापडलं नव्हतं, त्याला माझ्या एका कागदावर तो लांबूनच ओळखू आला. ही गोष्ट मी परतीच्या अख्ख्या वाटेत चघळत बसले होते. अजून चघळते.

गावात उतरले तर काका आमच्या ओट्यावरच बसलेले. काय झालं म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. आणि त्यांचा चेहरा उजळला. मी खोटं लिहीत नाही. देवळातला दिवा लागावा तसा उजळला.

"ओळखला? बघताक्षणी?"

"हो."

"काय म्हणाला? नीट सांग. कुणाचा आहे ते कळतं, असं म्हणाला? चौघांत?"

"तिघांत," मी म्हणाले.

"पुन्हा सांग, अगदी कसं म्हणाला ते."

आई आतून हात पुसत बाहेर आली. "ओ, पोरीची नोकरी गेली अन् तुमी हसायलाव व्हय? त्या एका काडीपायी माझ्या लेकराचं वाटोळं केलं तुमी! उठा. उठा हितनं."

ते उठले. होकायंत्र ओट्यावरच राहिलं. मी ते नेऊन दिलं नाही. मला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं. गावातल्या लोकांना मी काय सांगणार होते? बाणामुळं नोकरी गेली? कुणाला कळलं असतं ते? "आठवीवाल्याला कोण घेतंय," एवढंच सगळे म्हणाले, आणि तेच मला निमूट ऐकून घ्यावं लागलं.

बरेच दिवस ते दिसले नाहीत. मग एका सकाळी आले. आईनं त्यांना बसा म्हटलं नाही. ते उभ्यानंच म्हणाले, "नकाशा आण."

मी आणला. त्यांनी खिशातून ब्लेड काढलं, कागद भिंतीवर धरला आणि बाण खरवडायला लागले. टोक गेलं, दांडी गेली. शेपटीच्या रेघेपाशी थांबले. आई दारात उभी होती. मग तीही रेघ त्यांनी खरवडली, बोटानं कागद झटकला आणि ब्लेड कागदात गुंडाळून खिशात ठेवलं.

"आता तुझा काढ. लंगडा तर लंगडा."

माफी मागितली नाही. चहा आईनं टाकला होता, तो न घेता गेले. जाताना ओट्यावरचं होकायंत्र उचललं नाही. "असू दे, तुला लागंल," म्हणाले.

तो नकाशा आणि तोच बायोडाटा त्या ताईनं इकडं कच्छात पाठवला. इथल्या सरांनी मला बसवून एक मडकं काढायला लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाले. काम हंगामापुरतं आहे. दर हंगामाला बायोडाटा नव्यानं द्यावा लागतो, आणि दर वेळी आठवी मी सगळ्यात खाली लिहिते. पाणी मचूळ, वारा खारट, जेवणात गूळ. रविवारी आईशी बोलते. ती विचारते, भाकर मिळती का?

काकांची नजर आता गेल्यात जमा आहे. गिरणीमागची खोली सोडून तुळजापूरला भावाच्या लॉजवर असतात. तिथं म्हणे यात्रेकरूंना देवळाचा रस्ता कागदावर काढून देतात. लोक म्हणतात, अहो काका, देऊळ समोर दिसतंय. फोन करतात तेव्हा मी कशी आहे ते विचारत नाहीत. विचारतात, "तुझा बाण सरळ झाला का?" मी म्हणते, झाला. एकदा त्यावर म्हणाले, "तो मोठा सर त्या दिवशी अगदी लांबनं बघून म्हणाला न्हाई का?"

"हो काका. लांबनं."

"हां," म्हणाले, आणि फोन ठेवला.

मला त्यांचा राग येतो. त्यांची आठवण आली की आधी रागच येतो, मग बाकीचं येतं. पण माझ्या नकाशाच्या कोपऱ्यात कागद खरवडून पातळ झालेली जागा आहे, उजेडाला धरलं की दिसते. त्यांनी आयुष्यात स्वतःच्या हातानं स्वतःचा एकच बाण पुसला, तो माझ्यासाठी.

म्हणून हे लिहून ठेवते, काका, कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल. माझ्या बायोडाट्यात रेफरन्सची दुसरी जागा अजून कोरी आहे. तिथं तुमचं नाव घालायचं आहे. यंदा नाही. यंदा भीती वाटते, आईची औषधं चालू आहेत, आणि इथल्या सरांना तिकडचे मोठे सर ओळखत असतील की काय ते मला माहीत नाही. पण एक दिवस मी ते घालणार. कागद टेबलावरून माझ्याकडं परत सरकवला तरी चालेल अशी माझी ऐपत झाली, की त्या दिवशी. आणि तेही दुसऱ्या जागेवर नाही, आधी तुमचं नाव, मग त्या ताईचं. आणि कुणी विचारलं की हे कोण, तर कुणी माईक बंद करायच्या आत सांगेन, हा बाण कुणी काढला ते.